चुकण्याचा हक्क आणि विज्ञानाचा वर्ग

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



शिक्षणाचा विषय कार्यकर्त्यांच्या बैठकीत निघाला की चर्चा बहुधा शाळांची संख्या, शिक्षकांच्या रिक्त जागा, फीवाढ आणि अनुदान यांपाशी येऊन थांबते. हे प्रश्न जिव्हाळ्याचे आहेत आणि त्यांवरील लढा सोडण्याचे काहीच कारण नाही. परंतु वर्गाचे दार लागल्यानंतर आत काय चालते, हाही राजकीय प्रश्न आहे, आणि त्याकडे चळवळीचे लक्ष क्वचितच जाते. विज्ञानाच्या तासाला एखादे मूल चुकते, तेव्हा त्या चुकीचे पुढे काय होते, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे. प्रश्न दिसतो लहान. पण ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातील श्रमिक कुटुंबांतल्या मुलांचे विज्ञानाशी नाते जुळणार की तुटणार, हे पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर ठरते.

सर्वपरिचित गोष्टीपासून आरंभ करणे बरे. पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश सेल्सिअस, हे वाक्य मुलाला पाठ असते. प्रत्यक्ष प्रयोगात तापमापी ९८ वर अडते. मूल शेजारच्या वहीत डोकावते, शिक्षकांच्या चेहऱ्याकडे पाहते आणि प्रयोगवहीत १०० लिहून मोकळे होते. त्याला पूर्ण गुण मिळतात. वस्तुतः त्या हुकलेल्या दोन अंशांत विज्ञानाचा एक अख्खा पाठ दडलेला होता. तापमापीची आखणी अचूक होती काय? तिचा फुगा पाण्यात पुरेसा बुडाला होता काय? हवेच्या दाबाचा उत्कलनाशी संबंध कोणता? महाबळेश्वरला, सुमारे १३७० मीटर उंचीवर, पाणी साधारण ९५ ते ९६ अंशांनाच उकळते. तेव्हा पुस्तकातला १०० हा आकडाही समुद्रसपाटीच्या दाबाची अट घेऊन आलेला आहे. हे प्रश्न विचारलेच गेले नाहीत. त्या दिवशी मुलाने एकच गोष्ट शिकली: डोळ्यांना दिसते ते आणि वरिष्ठांना हवे ते यांत तफावत पडली, तर डोळ्यांनी माघार घ्यावी.

गमतीची बाब अशी, की याच मुलाचा बाप कदाचित वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्यात लेथवर काम करीत असेल. त्याला विचारले तर तो सांगेल, की कोणताही जॉब तंतोतंत मापाचा निघत नाही. म्हणूनच कारखान्यातल्या ड्रॉइंगवर मापाशेजारी टॉलरन्स लिहिलेला असतो: इतके कमी वा इतके अधिक चालेल, त्यापलीकडे माल परत. मापन म्हटले की फरक आलाच. तो किती आणि कशामुळे आला हे सांगता येणे म्हणजे मापन समजणे, हे ज्ञान कामगाराच्या बोटांत आहे. त्याच्या मुलाच्या प्रयोगवहीत मात्र फरकाला जागा नाही. कारखान्यात जे कौशल्य मानले जाते, ते शाळेत गैरहजर असते.

दुसरे उदाहरण सूर्याचे. “दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो,” हे वाक्य लहानथोर सगळेच म्हणतात. डोंबिवलीतील एखाद्या शाळेच्या गच्चीवर मुलांनी एक मीटर लांबीची सरळ काठी उभी रोवली आणि तिच्या सावलीची दर दहा मिनिटांनी खूण केली, तर काय आढळते? बारा वाजता सावली नाहीशी होत नाही. इतकेच नव्हे, ती सर्वांत आखूडही नसते. सर्वांत आखूड सावली ऋतुमानानुसार साधारण १२ वाजून २० मिनिटे ते १२ वाजून ५० मिनिटे या अवधीत पडते. डिसेंबरच्या अखेरीस ती सुमारे ९२ सेंटिमीटर असते, मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनी सुमारे ३५ सेंटिमीटर. २१ जूनच्या सुमारास ढगांनी उघडीप दिली, तर अवघी ७ सेंटिमीटरची सावली दिसते, आणि तीही उत्तरेऐवजी दक्षिणेकडे पडलेली! सूर्य या भागात बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस: मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस. त्यांपैकी पहिला दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीत जातो आणि दुसरा बहुधा पावसाळी ढगांत.

पुस्तकी वाक्य प्रमाण मानणाऱ्या वर्गात या मुलांची सगळी निरीक्षणे चुकीची ठरतील. पण ती चूक जपून ठेवली, तर ती मुलाला कोठवर घेऊन जाते ते पाहण्यासारखे आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. डोंबिवली सुमारे ७३.१ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात, म्हणून डोंबिवलीचा मध्यान्ह घड्याळाच्या बारापेक्षा सरासरी ३७ ते ३८ मिनिटे उशिरा होतो. येथे भूगोल संपतो आणि इतिहास सुरू होतो. १९०६ च्या जानेवारीत ही प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती. घड्याळ पुढे ढकलणे म्हणजे त्या प्रमाणात लवकर कामावर हजर होणे, हे ओळखून हजारो गिरणी कामगारांनी त्याच महिन्यात विरोध पुकारला होता. सावलीच्या एका ‘चुकलेल्या’ खुणेतून मूल पृथ्वीच्या गतीपर्यंत आणि कामगारांच्या लढ्यापर्यंत पोहोचू शकते. खूण खोडली की ही वाट बंद होते.

आतापर्यंतची उदाहरणे निरीक्षणाची होती. आणखी खोल रुजलेल्या चुका असतात त्या कल्पनेच्या. मूल शाळेत येते ते कोरी पाटी होऊन येत नाही. जगाबद्दलचे स्वतःचे सिद्धांत घेऊन येते. वस्तू हलती राहायची तर तिला कोणीतरी सतत ढकलत राहिले पाहिजे, ही समजूत घ्या. हातगाडी ढकलणाऱ्याला पाहणाऱ्या मुलाला तिच्यात वावगे काय वाटणार? ॲरिस्टॉटलचेही मत याच्या जवळचे होते आणि त्याचा प्रभाव युरोपात शतकानुशतके टिकला. ज्याने पुढे पडणाऱ्या वस्तूंचे नियम मांडले, तो गॅलिलिओही १६०४ साली पाओलो सार्पी यांना लिहिलेल्या पत्रात, पडणाऱ्या वस्तूचा वेग कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असे धरून चालला होता. ते गृहीतक चुकीचे होते. वेग वाढतो तो लोटलेल्या काळाच्या प्रमाणात, हे त्याला नंतर उमगले. गॅलिलिओच्या चुकीला इतिहास संशोधनाचा टप्पा म्हणतो. सातवीतल्या मुलीच्या तशाच चुकीवर मात्र लाल शाईची फुली पडते.

ही समजूत फुलीने जात नाही. ती जाते अनुभवाच्या टकरीने, आणि या पट्ट्यातल्या मुलांपाशी त्यासाठी रोजची प्रयोगशाळा आहे: लोकलगाडी. डोंबिवलीहून ठाण्याकडे गाडी एकसमान वेगाने धावत असता डब्यात सरळ वर उडवलेले नाणे मागे न पडता पुन्हा हातातच येते. गाडीने ब्रेक दाबला की उभ्या माणसांचा लोंढा पुढे झुकतो. हे रोज अनुभवणाऱ्या मुलांना आधी आपले भाकीत वहीत लिहावयास सांगितले, मग नाणे उडवून पाहावयास सांगितले आणि भाकीत का चुकले यावर आपसांत वाद घालू दिला, तर जडत्वाचा नियम त्यांच्या मालकीचा होतो. केवळ व्याख्या पाठ केली, तर नियम परीक्षेपुरता राहतो आणि जुनी समजूत आत जशीच्या तशी नांदते.

याचा भक्कम पुरावा १९९२ साली पुढे आला. स्टेला व्होस्नियादू आणि विल्यम ब्रुअर यांनी अमेरिकेतील प्राथमिक शाळांतल्या मुलांना पृथ्वीविषयी बारकाईने प्रश्न विचारले. “पृथ्वी गोल आहे,” असे मुले सांगत. पण पुढे खोदून विचारता कोणाच्या मनात पृथ्वी थाळीसारखी चपटी निघाली, कोणाची समजूत माणसे एका पोकळ गोळ्याच्या आतल्या सपाट जमिनीवर राहतात अशी होती, तर कोणी दोन पृथ्वी मानल्या होत्या: पायांखालची सपाट आणि आकाशातली गोल. मोठ्यांकडून ऐकलेले सत्य आणि डोळ्यांना दिसणारी सपाट जमीन यांचा मेळ घालण्याचा तो मुलांचा प्रामाणिक खटाटोप होता. तात्पर्य, बरोबर उत्तर हे समजल्याचे प्रमाणपत्र नव्हे. पुष्कळदा त्याच्याच आड चूक सुरक्षित लपलेली असते. उघड झालेली चूक शिक्षकाच्या हाती काहीतरी देते. पाठ केलेले बरोबर उत्तर ते हिरावून घेते.

तिसऱ्या प्रकारच्या चुका भाषेच्या असतात. घरी मूल ‘जोर’ आणि ‘ताकद’ म्हणते. पुस्तकात बल, दाब, शक्ती, ऊर्जा असे चार वेगळे शब्द येतात. बाजारात किलोने मोजले जाते ते ‘वजन’; पुस्तक म्हणते ते वस्तुमान, आणि वजन हे बल असल्याने न्यूटनमध्ये मोजावयाचे. कल्याण आणि भिवंडीच्या परिसरात तर अनेक मुलांची घरची बोली शाळेच्या भाषेहून वेगळीच असते. अशा मुलाने “दाब” लिहावयाच्या जागी “जोर” लिहिले, तर त्याला भौतिकशास्त्र कळले नाही असा निष्कर्ष काढणे हा अन्याय आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये सुरू केलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने हा मुद्दा प्रारंभापासून लावून धरला. त्याचे पहिले संचालक व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरात आणि नंतर मुंबईच्या महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. मुलांमध्ये गुणवत्ता नसते म्हणून ती मागे पडतात, हा समज त्या कामाने खोटा पाडला. अडसर पुष्कळदा भाषेचा आणि संवादाच्या अभावाचा असतो, हे दाखवून दिले.

चुकीला स्थान देणारे शिक्षण सरकारी शाळांत चालूच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना होशंगाबादचे उत्तर आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील त्या वेळच्या होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ ग्रामीण शाळांत प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू केले. १९७८ मध्ये ते जिल्हाभर पसरले आणि १९८२ पासून एकलव्य संस्थेने त्याची धुरा वाहिली. मुले टोळ्यांनी प्रयोग करीत, मापांतील फरकांची चर्चा करीत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाला खरे वजन होते. “हे मला ठाऊक नाही, शोधून पाहू,” असे म्हणणे शिक्षकाला कमीपणाचे वाटू नये, असे वातावरण तेथे निर्माण झाले. साध्या सरकारी शाळांत हे तीन दशके चालले. २००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तो बंद पडू शकला, यातही चळवळीला धडा आहे: शिक्षणातील चांगल्या गोष्टीमागे संघटित लोकमत उभे नसेल, तर ती एका आदेशाने पुसली जाते.

येथे मूळ प्रश्नापाशी येता येते. चुकीची किंमत सर्व मुलांना सारखी मोजावी लागत नाही. सुस्थितीतल्या घरचे मूल चुकले, तर त्याच्यासाठी दुसरी संधी विकत घेतली जाते: शिकवणी, क्लास, घरातले सुशिक्षित पालक, नवे साहित्य. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ पासून चालवलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा लेखी परीक्षेवर थांबत नाही, तर प्रात्यक्षिक आणि प्रकल्प यांचीही कसोटी घेते. उद्देश स्तुत्य आहे. पण तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या क्लासच्या बाजारात चुकून पाहण्याची, पुन्हा करून पाहण्याची सवलत शुल्क भरणाऱ्यालाच मिळते. चाळीत, झोपडपट्टीत राहून पालिकेच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला प्रयोग एकदाच आणि तोही लांबून पाहावयास मिळतो. ती चुकली तर समजावण्यास कोणाला उसंत नसते. दोनचार वेळा हसू झाले की ती हात वर करणे सोडते. मग “विज्ञान आपल्या डोक्यात शिरत नाही,” असा निकाल ती स्वतःच स्वतःवर लावते, आणि दहावीनंतर विज्ञानशाखेचा विचारही करीत नाही. कोणी तिला दाराबाहेर काढलेले नसते. तरी ती बाहेर असते. विषमता अशी बिनबोभाट काम करते.

याचा दोष शिक्षकाच्या माथी मारणे सोपे आहे आणि चुकीचेही. मुलाची चूक ऐकून घेण्यास वेळ लागतो. गजबजलेला वर्ग, संपवावयाचा अभ्यासक्रम, निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि माहितीचे तक्ते यांत तो वेळ शिक्षकाला मिळतच नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने उच्च प्राथमिक वर्गांसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि विज्ञान-गणितासाठी स्वतंत्र शिक्षक हे निकष घातले. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामांना मनाई केली. मुलाला भीतीपासून मुक्त ठेवावे आणि त्याचे सातत्याने, सर्वंकष मूल्यमापन व्हावे असे म्हटले. या तरतुदी म्हणजे चुकण्याच्या हक्काचा कायदेशीर पाया होत. पण साधने आणि माणसे न देता मूल्यमापनाचे केवळ तक्ते भरून घेतले गेले, आणि मुलांना काही येत नाही अशी ओरड झाल्यावर २०१९ मध्ये कायदा दुरुस्त होऊन पाचवी व आठवीत अनुत्तीर्ण करण्याची वाट मोकळी झाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ती वाट स्वीकारली. व्यवस्था चुकली, आणि शिक्षेची तरतूद मात्र मुलासाठी झाली.

एक आक्षेप विचारात घेणे अवश्य आहे. चुकीचे असे लाड केले तर शिस्त आणि अचूकता यांचे काय? आक्षेप निराधार नाही. चूक स्वतः काही शिकवत नाही. तपासलेली चूक शिकवते. निष्काळजीपणाने आकडा उलटा लिहिणे आणि विचारपूर्वक चुकीचे अनुमान काढणे यांत भेद केलाच पाहिजे. शिवाय काही चुका होऊ देण्याजोग्या नसतात: तीव्र सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतू नये, आम्लच थोडे थोडे पाण्यात सोडावे, हे करून पाहून शिकण्याची गोष्ट नव्हे. पण इतर बहुतेक ठिकाणी पद्धत सरळ आहे. आधी भाकीत लिहावे, मग करून पाहावे, फरक पडला तर भाकीत न खोडता खाली नवे निरीक्षण लिहावे, आणि फरकाचे कारण शोधावे. यात अचूकतेला सूट मिळत नाही. उलट, ती गुरुजींच्या भीतीने येण्याऐवजी मुलाच्या स्वतःच्या गरजेतून येते.

या सवयीचा संबंध नागरिकत्वाशीही आहे. राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधकबुद्धी वाढवणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. ज्या मुलाला ९८ दिसत असता १०० लिहिण्याची सवय लागली, तो मोठेपणी बाबाबुवांपुढे आणि सत्तेपुढे आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये स्थापलेल्या समाजाला सत्यशोधक हे नाव दिले. शोधणाऱ्याला वाट चुकण्याची आणि परत फिरण्याची मुभा असावीच लागते.

डोंबिवलीकरांना तर हे अधिक जवळून कळावे. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी तेथील औद्योगिक वसाहतीत झालेल्या रासायनिक कारखान्यांतील स्फोटांनी अनेकांचे प्राण घेतले. त्यांची कारणे आणि जबाबदाऱ्या हा चौकशीचा व न्यायाचा विषय आहे. परंतु कोणत्याही कारखान्यात सुरक्षितता अखेर यावर अवलंबून असते, की मापकावरचा आकडा वेगळा दिसला तर कामगार तसे निर्भयपणे सांगू शकतो काय, आणि सांगितले तर ऐकून घेतले जाते काय. वेगळा आकडा लपवण्याचे शिक्षण शाळेतच मिळाले, तर कामगाराचे पहिले संरक्षण तेथेच हिरावले जाते.

कार्यकर्त्यांना करण्याजोगे पुष्कळ आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या शाळांतील या समित्यांमध्ये जागरूक पालक जावेत, आणि त्यांनी इमारत व खिचडी यांबरोबरच हेही विचारावे, की सहावी ते आठवीच्या मुलांच्या हाती या सत्रात कोणती उपकरणे प्रत्यक्ष आली आणि विज्ञानाला स्वतंत्र शिक्षक आहे काय. शिक्षकांवरील अशैक्षणिक कामांविरुद्धचा लढा हा पालकांचाही लढा मानावा. वस्तीतल्या अभ्यासिकेत एक काठी, एक मोजपट्टी, दोन तापमापी आणि स्प्रिंगचा काटा एवढ्यावरही आरंभ होतो. रेल्वेच्या कार्यशाळांतून, अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून, वागळे इस्टेटच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले कसबी कामगार आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांबरोबर बसले, तर मापनातला फरक म्हणजे काय हे त्यांच्याइतके चांगले कोण सांगेल?

पालिकेच्या शाळेतल्या मुलीला पाण्याचे ९८ अंश ९८ म्हणूनच लिहिता यावेत, त्याबद्दल तिचे गुण कापले जाऊ नयेत, आणि “असे का आले?” हे विचारण्यास तिच्या शिक्षकापाशी दहा मिनिटे असावीत, ही मागणी किरकोळ वाटेल. परंतु ती पुरी करावयाची तर शिक्षक, साधने, वर्गाचा आकार आणि परीक्षा या चारही गोष्टी बदलाव्या लागतात. म्हणून ती मागणी चळवळीच्या जाहीरनाम्यात असली पाहिजे.